साठ दिवसांची बिअर

जायफळ, वेलची, दालचिनी, लवंग, सुंठ आणि थोडीशी संत्र्याची साल. ही यादी वाचून तुमच्या नाकात पहिला वास कशाचा आला? माझ्या नाकात श्रीखंड, पुरणपोळी आणि पावसाळ्यातला चहा, याच क्रमाने. आता हीच यादी अमेरिकेत कुणालाही वाचून दाखवा. उत्तर एकच येईल. ख्रिसमस! तिकडे डिसेंबरमध्ये या मसाल्यांचा वास केकला येतो, कॉफीला येतो, मेणबत्त्यांना येतो. आणि हो, बिअरलाही येतो.

दचकू नका. बिअर म्हणजे बर्फासारखी गार, पिवळी, शेजारी खारे शेंगदाणे, हे आपलं समीकरण एकदम मान्य. पण थंड देशांमध्ये हिवाळ्याची बिअर हा वेगळाच प्रकार आहे. रंग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा, अल्कोहोल नेहमीपेक्षा जास्त, कडवटपणा कमी, आणि प्यायची हळूहळू, फार गार न करता. 'विंटर वॉर्मर' म्हणतात तिला. नावातच सगळं आलं.

ही बिअर घरच्या घरी बनवणारा एक माणूस माझ्या थेट नात्यातला आहे. माझा मावसभाऊ. त्याला आपण नुसतं दादा म्हणू. नऊ वर्षं मिनिआपोलिसला होता, सॉफ्टवेअरमध्ये (दुसरं कशात असणार?). मिनिआपोलिस म्हणजे जिथे जानेवारीत उणे वीस वगैरे सहज होतं आणि लोक गोठलेल्या तळ्यावर गाडी नेऊन मासे पकडतात. अशा ठिकाणी आपला सदाशिव पेठी माणूस हिवाळाभर करणार काय? दादाने तळघरात बिअर लावायला घेतली.

त्याचे गुरू म्हणजे शेजारचे आजोबा. वय पंच्याहत्तरच्या पुढे, घराणं मूळचं नॉर्वेचं. दादा त्यांना सरळ नावाने हाक मारतो. माझ्या तोंडून ते नाव काही निघेना, म्हणून मी दोन आठवडे 'सर' वर निभावलं. मिनेसोटात नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती जुनी आणि मोठी आहे, आणि नॉर्वेत ख्रिसमसची बिअर हा हौसेचा नाही, चक्क कर्तव्याचा मामला होता. दहाव्या शतकात राजा हाकोन द गुड याने हिवाळ्याचा जुना 'यूल' सण ख्रिसमसच्या वेळेला आणला आणि त्या वेळी घरोघरी बिअर असलीच पाहिजे असा नियम घातला, असं तिकडच्या जुन्या राजकथांमध्ये आहे. पश्चिम नॉर्वेच्या गुलाटिंग कायद्यात तर सणाची बिअर न बनवणाऱ्या शेतकऱ्याला दंड होता. म्हणजे आपल्याकडे दिवाळीला चकल्या केल्या नाहीत म्हणून ग्रामपंचायतीने पावती फाडावी, तसं!

मसाल्याचा प्रकारही जुनाच. बिअरमध्ये हॉप्सची फुलं सर्रास पडायला लागली त्याच्या आधी युरोपात तऱ्हेतऱ्हेच्या रानवनस्पती घालत. पुढे 1516 मध्ये बव्हेरियाने फतवा काढला की बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. यीस्टचं नावसुद्धा नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. इंग्लंड आणि बेल्जियमने मात्र मसाल्याची साथ सोडली नाही. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये आजही धणे आणि संत्र्याची साल पडते. धणे! हे मला कळलं तेव्हा कुणीतरी आपल्या डब्यातून न विचारता काहीतरी उचलल्यासारखं वाटलं.

अमेरिकेत या सगळ्याचा फॅशनेबल अवतार आणला सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने. 1975 पासून दर ख्रिसमसला त्यांची एक खास एल यायची. फंडा असा की रेसिपी दरवर्षी वेगळी, लेबलवरचं झाडही दरवर्षी वेगळं आणि आत काय आहे ते गुपित. लोक बाटल्या जपून ठेवत, यंदा कोणता मसाला यावर पैजा लावत. 2023 मध्ये अँकरने ही बिअर बंद करत असल्याचं सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात ब्रुअरीच बंद होत असल्याची बातमी आली. 2024 मध्ये दह्याच्या धंद्यातल्या हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली, पण त्या मधल्या डिसेंबरात अनेक हौशी मंडळी आपापल्या तळघरात उतरली. दुकानात मिळत नाही ना, मग आपणच करू.

हे त्यांना करता येतं, कारण कायदा बाजूने आहे. ऑक्टोबर 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी 1979 पासून अमेरिकेत स्वतःसाठी घरी बिअर बनवण्यावरचा केंद्राचा कर गेला. एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर दोनशे. राज्यांनी आपापल्या वेगाने हे मान्य केलं. मिसिसिपी आणि अलाबामा शेवटचे, 2013 मध्ये. अट एकच, पण पक्की. विकायची नाही. एक बाटलीसुद्धा नाही.

मला या गोष्टीतली सगळ्यात भारी वाटलेली अट हीच. विकता येत नाही, मग पन्नास बाटल्यांचं करायचं काय? वाटायच्या. शेजारी, ऑफिस, पोस्टमन, मुलांचे टीचर. फराळाचे डबे फिरतात तशा बाटल्या फिरतात. मागच्या वर्षीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन परत येतात, आणि आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत तसं, सोबत घरचा जॅम किंवा कुकीज येतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये मी दादाकडे होते तेव्हा हा कारखाना प्रत्यक्ष पाहिला. शनिवार, 5 तारीख. डिसेंबरची बिअर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लावावी लागते, हा पहिला धडा. शेवटच्या मिनिटाला ऑनलाइन मागवणाऱ्यांचं हे काम नव्हे.

पद्धत ऐकून आजीची आठवण होईल. माल्ट म्हणजे काय, तर बार्लीला, म्हणजे आपल्या जवाला, मोड आणून वाळवायचं आणि कमी-जास्त भाजायचं. नाचणीचं सत्त्व करताना आपण निम्मं काम हेच करतो. दादाने साडेपाच किलोच्या आसपास माल्ट घेतलं. बरंचसं साधं, थोडं कॅरॅमलच्या चवीचं आणि मूठभर अगदी काळपट भाजलेलं, रंगासाठी. भरडलेलं माल्ट 67 अंशांच्या पाण्यात तासभर. या तापमानाला धान्यातली एन्झाइम्स पिठूळपणाची साखर करतात. घरभर हॉर्लिक्सची बरणी उघडल्यासारखा वास सुटतो. मग ते गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स घालून तासभर खळखळा उकळायचं आणि तांब्याच्या वेटोळ्या नळीतून गार पाणी सोडून झटपट 20 अंशांपर्यंत आणायचं. इथून पुढे प्रत्येक भांडं, चमचा, नळी जंतुनाशकाच्या पाण्यातून काढलेली हवी. शेवटी यीस्ट. हे आपल्या विरजणासारखं. फार गरम असेल तर मरतं, फार गार असेल तर रुसून बसतं. एकूण भरलं 19 लिटर. झाकणावर पाण्याची छोटी नळी, त्यातून दुसऱ्या दिवशी बुडबुडे. गुडूप, गुडूप. रात्रभर. मला त्या तळघरात झोपायला दिलं होतं, म्हणून माहिती.

आता मुख्य मुद्दा. मसाला.

दादाच्या डोक्यात खूळ होतं गोड्या मसाल्याचं. ख्रिसमसच्या बिअरमध्ये दालचिनी-जायफळ सगळेच घालतात, आपण आपलं काहीतरी घालू, असा विचार. म्हणून त्याने आधी मावशीचा डब्यातला गोडा मसालाच थोड्या व्होडकात भिजवून पाहिला. वरती तेलाचा तवंग! गोड्या मसाल्यात तीळ आणि सुकं खोबरं असतं, आणि स्निग्ध पदार्थ हा बिअरच्या फेसाचा नंबर एकचा शत्रू. एक चमचा ग्लासात गेला आणि फेसाची वाट लागली. मग त्याने मसाल्याची फोड केली. तीळ-खोबरं बाद. उरलेल्यातून एकेक जिन्नस वेगळ्या छोट्या बाटलीत, आठवडाभर व्होडकात. शिवाय जायफळ आणि वेलची.

नेमकं काय किती, हे विचारायला पुण्याला मावशीला फोन लावला. नवरात्र चालू होतं.

"अरे, नवरात्रात हे काय विचारतोयस?" मावशीने सुरुवात केली. मग दोन मिनिटं कुणीच बोलेना. मग तीच म्हणाली, "लवंग घालूच नकोस. सगळ्यांना मारते ती. आणि एक लक्षात ठेव, मसाला घालता येतो, काढता येत नाही."

बॉस, या एका वाक्यात मसालेदार बिअरचं अख्खं शास्त्र आहे. सूपमध्ये मीठ जास्त झालं तर पाणी घालता येतं. 19 लिटर बिअरमध्ये लवंग जास्त झाली तर दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं, आणि त्यावर उपाय नाही. गंमत म्हणजे गव्हाच्या जर्मन बिअरचं यीस्ट एकही लवंग न घालता लवंगेचा वास तयार करतं. म्हणून दादाने मुद्दामच वेगळं, स्वच्छ चवीचं अमेरिकन यीस्ट घेतलं होतं. वास यायचा तो मसाल्याचाच यावा.

मग रात्री प्रयोगशाळा. दुकानातून आणलेली साधी ब्राउन एल, शंभर-शंभर मिलिलिटरचे ग्लास, आणि औषधाचा ड्रॉपर. जायफळाचा अर्क 0.1 मिलि, 0.2, 0.3. प्रत्येकाचा वास घ्यायचा, घोट घ्यायचा, वहीत लिहायचं. जायफळ 0.3 ला बरोबर. म्हणजे 19 लिटरला 57 मिलि. वेलची 0.2, म्हणजे 38. दालचिनीची एक काडी, सुंठ आणि संत्र्याची साल सकाळी उकळताना शेवटच्या पाच मिनिटांत पडलीच होती. राहिलं दगडफूल. ते एकटं हुंगलं तर पहिल्या पावसानंतरचा वाडा. 0.3 ला बिअरला बुरशी आल्यासारखं वाटत होतं. 0.2 लाही. 0.1 ला मात्र काहीतरी झालं. दगडफूल दिसेना, पण वेलची आणि जायफळ एकाच घरातले वाटायला लागले. आजोबांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला आणि वहीत स्वतःच्या हाताने 19 लिहिलं.

हे अर्क बिअर आंबून झाल्यावर, बाटल्या भरण्याच्या दिवशी मिसळायचे होते. मी त्याआधीच परत आले. आणि मी घरी पोचले त्याच आठवड्यात, गुरुवारी, 10 ऑक्टोबरला, दादाची नोकरी गेली.

त्याच्यासारखे किती तरी जण असतील, त्यामुळे कंपनीचं नाव वगैरे सोडून देऊ. सकाळी नऊला पंधरा मिनिटांचा कॉल, दहाला लॅपटॉप बंद. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की नवीन नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. नऊ वर्षं राहा, टॅक्स भरा, ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लावा, हिशोब 60 दिवसांचाच. 9 डिसेंबर. आणि तळघरातली बिअर नीट पिकायला कमीत कमी डिसेंबरचा मध्य उजाडणार होता.

मी फोनवर काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं, "बिअरचं काय करणार?"

"बाटल्या भरतो," दादा म्हणाला. "अगं, तिला काय माहिती माझी नोकरी गेली ते."

26 ऑक्टोबरला, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, त्याने आणि आजोबांनी बाटल्या भरल्या. अर्क मिसळले. 57, 38, 19. प्रत्येक बाटलीत फेस धरावा म्हणून सगळ्या बिअरला मिळून साधारण 120 ग्रॅम साखरेचं पाणी. उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि बंद बाटलीत वायू तयार होतो. एकूण 49 बाटल्या. लेबलवर झाड असतं, दरवर्षी नवीन. अँकरची नक्कल, दादा खुशाल मान्य करतो. 2024 चं झाड होतं जायफळाचं.

त्यानंतरचे सहा आठवडे दिवसा इंटरव्ह्यू आणि रात्री आवराआवर. एका ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत गेला. मेल आला नाही. सोफा विकला, गाडी विकली, बर्फ उपसायचं फावडं आजोबांना दिलं. 7 डिसेंबरच्या विमानाने तो निघाला. एकेक बाटली वाटत बसायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्या पेट्या आजोबांच्या तळघरात. गॅरेजमध्ये ठेवू नका, असं चारदा बजावून. मिनिआपोलिसच्या गॅरेजमध्ये बिअर गोठते आणि बाटल्या फुटतात. कुणाला किती द्यायच्या त्याची यादी वरच्या पेटीवर चिकटवली.

मी विचारलं, "दोन बाटल्या तरी बॅगेत टाकायच्यास."

"तयार कुठे होती?" तो म्हणाला. "कच्ची बिअर आणून काय करू?"

त्यामुळे मी ती बिअर चाखलेली नाही. दादानेही नाही. ज्या बिअरवर मी एवढं लिहिते आहे तिच्या चवीबद्दल माझ्याकडे फक्त आजोबांचा मेल आहे, 24 डिसेंबरच्या रात्रीचा. फेस टिकतो. आधी वेलची, मग संत्र्याची साल, गिळल्यावर जायफळ. दगडफूल शोधूनही सापडत नाही, पण काढू नका. सोबत फोटो. बाहेर बर्फ, आत टेबलाभोवती आठ-दहा माणसं, त्यातली निम्मी दादाला नावाने ओळखणारी, आणि प्रत्येकाच्या हातात जायफळाचं झाड.

दादाने तो फोटो मावशीला दाखवला. ती बराच वेळ बघत होती. बाटल्यांवर एक शब्द नाही. "ही सगळी तुझी ओळखीची?" एवढंच विचारलं. नऊ वर्षांत ती एकदाच तिकडे गेली होती, आणि पोरगा तिथे एकटा असतो, हे तिने मनात पक्कं धरलं होतं.

आता डिस्क्लेमर. हे वाचून किचनमध्ये पातेलं चढवू नका. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात बिअरही आली. हौस म्हणून, स्वतःपुरती, हे कारण चालत नाही. ज्यांना ताजी बिअर प्यायची आहे त्यांच्यासाठी परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहेत. पुण्यात डुलालीने 2009 मध्ये ही वाट दाखवली आणि आता तर निवड करायला वेळ लागतो. दादा सध्या खराडीत नोकरी करतो. वही कपाटात आहे. हौशीचं काय, विचारलं की "मायक्रोब्रुअरीत जाऊन बसतो की" म्हणतो आणि विषय बदलतो. तिथे बिअर चांगलीच मिळते. पण ती विकत मिळते, आणि त्याला सवय लागली होती ती वाटायची.

ड्रॉपरची आयडिया मात्र ढापायला हरकत नाही. तिला कुठलाच कायदा आडवा येत नाही. चहाचा मसाला, मसाला दूध, कोकम सरबत, काहीही. आधी एका छोट्या कपात थेंबाने मोजा, मग मोठ्या पातेल्याचा गुणाकार करा. आणि जो मसाला ओळखू येत नाही पण काढला तर चुकल्यासारखं वाटतं, तो बरोबर पडला समजा.

राहता राहिली 2025 ची बिअर. ती लागली. आजोबांनी लावली, स्वतःच्या तळघरात, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, दादाच्या आकड्यांनी. इथे पुण्यात रात्र होती आणि दादा व्हिडिओ कॉलवर थर्मामीटर वाचत होता. जायफळ-वेलची तिकडे मिळते, पण दगडफुलाच्या बाबतीत आजोबांनी हट्ट धरला की तेच हवं, मागच्या वर्षीचं. शेवटी मिनिआपोलिसला निघालेल्या एकीच्या बॅगेतून पुडी गेली. पुडी बांधली मावशीने. वर काहीतरी लिहिलंय, ते काय, असं आजोबांनी फोटो पाठवून विचारलं.

मावशीचं अक्षर होतं. "थोडंच घाला."